बाविसावं डोकं

दौलत, तुझ्या तेरवीच्या पंगतीत मी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. लोकांना ते लगेच पटलं, कारण माझ्या पोटाची चेष्टा तू सौंदड गावभर करून ठेवली होतीस. खरं कारण असं की तुझ्या घरचं अन्न माझ्या घशाखाली उतरेना. एक गोष्ट मी तुझ्यापासून चार वर्षं लपवली. तुझ्या तोंडावर ती बोलायचं धाडस झालं नाही, आणि आता ऐकायला तू नाहीस. तरी सांगणार आहे. नेहमीसारखा मधेच तोडू नकोस, एवढंच.

पंगतीआधी दोघंतिघं तुझ्याबद्दल बोलले. तुमच्या घराण्यानं तलाव कसे बांधले, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, भगदाड पडलं तेव्हा तू कसा छातीभर पाण्यात उभा राहून माती टाकून घेतलीस, वगैरे. सगळं खरं होतं. पण तुझ्या कॅमेऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. गावाच्या लेखी ते एका खात्यापित्या घरच्या माणसाचं खूळ होतं. वहिनीनं मात्र मला आतल्या खोलीत बोलावलं आणि फोटोंचा पत्र्याचा डबा हातात दिला. "मास्तर, हे तुमी घेऊन जा. मले पाहवत नाई," ती म्हणाली. मी डबा उघडला. सगळ्यात वर तोच फोटो होता, बिसन नावाड्याच्या नावेचा.

त्या फोटोपर्यंत आपण कसे पोहोचलो ते तुला ठाऊक आहे, पण मला पुन्हा एकदा सांगू दे. त्या आधीचे दिवस चांगले होते रे. मी या गावात मास्तर होऊन आलो, आणि कुणाशी बोलायचं असा प्रश्न पडला होता, तेव्हा तू भेटलास. तू वर्तमानपत्रात कुठल्याशा जुन्या बंदराचे, गलबतांचे फोटो पाहिले होतेस आणि ते तुझ्या डोक्यातच बसले होते. "त्यायच्यापाशी जहाजं आहेत, तं आपल्यापाशी डोंगे आहेत. ते कोन काढन?" मी म्हटलं, "दौलत, समुद्र तुझ्या बापानं तरी पाहिला होता का?" तू तोंड न उचलता म्हणालास, "माह्या बापानं तलाव पाह्यला. पानी पानीच राह्यते." गोंदियाच्या एका दुकानातून तू तो डब्यासारखा कॅमेरा आणलास, आणि रविवार माझा राहिला नाही.

सकाळच्या गाडीनं निघायचं, गोंदियाला गाडी बदलायची, उतरून पायी चालायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. चोरखमाऱ्याच्या तलावावर आपण झाडाखाली पालथा पडलेला डोंगा पाहिला. एकाच खोडातून कोरलेला, आजोबांच्या वेळचा, आतून हातासारखा गुळगुळीत झालेला. तू त्याच्यावरून हात फिरवत बसलास आणि ऊन उतरून गेलं. एका मालगुजारांच्या, म्हणजे आधीच्या जमीनदारांच्या, जुन्या बागेत तर आपण तीनदा गेलो. तिथलं कोरडं कारंजं, दगडी बाकं, मुलांच्या खेळण्याच्या नावेसाठी बांधलेला हौद, सगळं तुला टिपायचं होतं. मालगुजारी गेली, बाग आता कोण राखणार, असं तू म्हणायचास. मी नुसता छत्री धरून उभा. पण खरं सांगतो, वस्तूकडे थांबून पाहायचं मी तुझ्याकडून शिकलो. त्याआधी मी फक्त पुस्तकाकडे आणि घड्याळाकडे पाहायचो.

त्या बागेनंच आपल्याला एक सवय लावली. तू फोटो काढून फिल्म पुढं सरकवायला विसरलास, आणि बागेचा म्हातारा माळी चोरखमाऱ्याच्या डोंग्यावर चढून बसल्यासारखा एकाच फोटोत उमटला. मी हसून हसून बेजार झालो, तू दोन दिवस बोलला नाहीस. तेव्हापासून नियम केला. खटका दाबला की दुसरं काही पाहायचं नाही. दोघांनी लगेच खाली मान घालायची. तू चावी फिरवायची, मी कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीवर छत्रीची सावली धरून फिल्मचा पुढचा आकडा येईपर्यंत पाहत राहायचं. आकडा आला की मग मान वर. इतकं काटेकोर आपण देवपूजेतही नव्हतो.

तर वैनगंगेचा तो घाट. दिवाळी होऊन गेली होती, पलीकडे बाजार होता. दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकलेली बिसनची नाव काठाला लागली होती. पूल झाला की ही लाकडं चुलीत जाणार, असं तू सकाळपासून घोकत होतास. माणसं बसत होती, कोंबड्या, टोपल्या, सगळं चढत होतं. तू बिसनला नाव आडवी धरायला लावलीस. लोकांना कॅमेऱ्याकडे तोंड करायला सांगितलंस, तशी सगळी या अंगाला सरकली. मग तू काचेत पाहून म्हणालास, "मास्तर, मागं रिकामं दिसून रायलं." मी नावेच्या मागच्या टोकाकडे गेलो. थोड्या वेळानं ओरडलो, "हं, काढ आता!" तू खटका दाबलास. मी धावत तुझ्यापाशी आलो. आपण दोघांनी मान खाली घातली, आकडा यायला त्या दिवशी वेळ लागला, आणि मान वर केली तेव्हा नाव काठापासून लांब गेली होती.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. रेतीच्या बेटाजवळ पाण्याखाली एक ओंडका होता. त्याला नाव अडली, दोर तुटला, दोन डोंगे दोन दिशांना फाकले आणि माणसं पाण्यात. तू धोतरासकट पळालास. काठावरच्या एका डोंग्यात उडी मारून मधे गेलास, आणखी दोन डोंगे आले, पाणी कुठं छातीभर, कुठं डोक्यावर. मी काय करत होतो? मी कॅमेरा वर धरून काठावर उभा होतो. मला पोहता येत नाही हे खरं, पण ते निमित्त मला त्या दिवशीही पुरलं नाही.

सगळी बेटावर आली. कुडकुडत होती, रडत होती, कोंबड्यांच्या नावानं ओरडत होती. तू डोंगा परत पाठवून मलाही तिकडं आणवलंस. तू बिसनला विचारत होतास, "किती होते गा नावेत?"

बिसन तुझ्याकडे पाहतच राहिला. "नावेतले मानसं मोजत नाई आमी. मोजले का एक कमी होते."

"अना आता?"

"आता सप्पा निंगाले, सगळे. पाहा ना तुमी."

त्याच्या घराण्याची ती रीतच होती. नदीला आकडा ऐकू द्यायचा नाही. तू रेतीवर एकेकाला हात लावून मोजलंस. नावाड्यासकट एकवीस. बाजारचा दिवस, तीनचार गावांची माणसं, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. एक म्हणाला मागं कोणी होतं, दुसरा म्हणाला कोणी नव्हतं. मग तुझी नजर माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे गेली. तुझा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर कधी पाहिला नाही, तुझ्या अखेरच्या दिवशीसुद्धा नाही. नावेत किती माणसं होती हे जगात फक्त त्या डब्याला माहीत होतं, आणि डबा दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आपण तुझ्या धानाच्या कोठीच्या फटी गोणपाटानं बुजवल्या. लाल कागद गुंडाळलेला कंदील, दोन पराती. फिल्म मी धरली. ती वाळेपर्यंत तू उंबऱ्यावर बसून राहिलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. मग कागदावर ठेवून उन्हात छपाई केली. फोटो तो केवढा, त्यात डोकी मसुराएवढी. तू भिंग घेऊन मोजू लागलास. वीस, एकवीस, आणि मागच्या टोकाला एक पांढरं काहीतरी, हललेलं, पुसटसं.

"बावीस," तू म्हणालास.

"ते गाठोडं आहे," मी म्हणालो.

"गाठोड्याले खांदे राह्यतेत का?"

"तूच म्हणालास ना, मागं रिकामं आहे म्हणून? कुणीतरी गाठोडं ठेवलं असेल."

"मंग तू मागं गेला होता, तं काय केलं?"

"लोकांना जरा मागं सरकवलं."

हे खोटं होतं, दौलत. आता ऐक. मागच्या टोकाजवळ, काठावर, एक म्हातारी दुसऱ्या खेपेची वाट पाहत बसली होती. पांढरं लुगडं, हनुवटीवर गोंदण. मी तिला म्हटलं, "आजी, बसा नावेत, फोटो काढायचा आहे. मागं जागा आहे." ती म्हणाली, "मी जातो लेकीकडं. मी देवरीकडची आहो." जणू तिकडच्यांना फोटो चालत नाही. मी हाताला धरून तिला बसवलं. फोटो भरलेला दिसावा म्हणून. आणि रेतीवरच्या एकवीस माणसांत ती नव्हती. हे मला तू मोजायच्या आधीच दिसलं होतं.

त्या उंबऱ्यावरच मी बोलायला हवं होतं. घाबरलो. सरकारी शाळेचा मास्तर, चौकशी होईल, नोकरी जाईल, लोक थुंकतील. आणि एकदा गाठोडं म्हटल्यावर ते गाठोडंच म्हणत राहावं लागलं. तू पोलिसांत जायला निघालास तर मी तुला अडवलं. बिसनची नाव बंद होईल, त्याची लेकरं उपाशी मरतील, असं म्हणालो. किती दयाळू वाटलो असेन तुला! तू थांबलास. म्हणालास, "बरं. मंग आपनच पाहू कोनाची बाई हरवली ते."

तिथून आपले रविवार बदलले. तू कॅमेरा खांद्याला लावायचास, फोटो काढायला आलो असं सांगायचास, आणि घाटावरचा दगड, पडकी नाव टिपून झाली की हळूच विचारायचास, "तुमच्या गावची कोनी बाई त्या साली परत आली नाई का?" नदीच्या या काठची गावं, त्या काठची गावं. एकही बाई हरवलेली नव्हती. मला कारण माहीत होतं. बाई हरवली असेल तर ती देवरीकडं, जंगलाच्या बाजूला, नदीपासून दूर. तू उलट्या दिशेला शोधत होतास आणि मी तुला छत्री धरत होतो. मधे राज्य बदललं, मध्यप्रदेशातले आपण मुंबई राज्याचे झालो, गोंदियात मिरवणूक निघाली. त्या दिवशीही तू मला घेऊन एका घाटावर होतास.

बागेतल्या त्या म्हाताऱ्या माळ्यानं तर कहरच केला. तू विचारलंस आणि तो म्हणाला, "हाव ना, खाली एक बाई वाहून आली होती म्हंतेत." तू पांढरा पडलास. तीन रविवार आपण ते 'खाली' शोधत फिरलो. शेवटी कळलं की ती गोष्ट त्याच्या लहानपणची होती. मी त्याच्यावर चिडलो, तू चिडला नाहीस. कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर बसून म्हणालास, "मास्तर, मीच नाव आडवी धरवली. मीच सगळ्यायले एका अंगाले आनलं. आमच्या घरान्यानं पान्यानं मानसं जगवले, अना मी बुडवली." मी म्हणालो, गाठोडं होतं ते. तू एवढंच म्हणालास, "तू सारखा तेच कायले म्हनून रायला?"

तो बोलायचा क्षण होता. आणखी एक क्षण सौंदडच्या फलाटावर आला. गाडी निघून गेली होती, आपण दोघंच. तू अचानक विचारलंस, "मास्तर, तिले कोनी बसवलं असन नावेत?" तुला संशय आला होता का? आजही मला कळत नाही. मी म्हणालो, "स्वतःच बसली असेल." तू मान हलवलीस आणि फाटकाकडे चालू लागलास. मी तुझ्या मागून चाललो. तू वळून पाहिलं असतंस तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण हाक मारायला तू वळायची गरज नव्हती.

मग धानाच्या कापणीत छातीत दुखतंय म्हणालास आणि बांधावर बसलास, तो बसलासच. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी तू मला सांगितलं होतंस की, येत्या रविवारी खालच्या घाटाला एकदा जाऊन येऊ.

तेरवीनंतर मी डबा घरी नेला. फोटो काढून शर्टाच्या खिशात ठेवला. शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि देवरीची मोटार धरली. काय करणार होतो? तिच्या घरच्यांना शोधून सांगणार होतो, तुमची आई मी बसवली नावेत, दौलतनं नाही. त्या मरणावरून तुझं नाव काढायचं होतं. पुढं नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

देवरीला बाजार भरला होता. चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन बसलेल्या बायांच्या रांगेत मी फोटो दाखवत चाललो. "आजी, या फोटोतली मागं बसलेली बाई, हनुवटीवर गोंदण, ओळखता का कुणी?" पहिल्या दोघी हसल्या. तिसरीनं फोटो उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हे तं मीच आहो."

मला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल. मी तिच्याकडे पाहिलं. पांढरं लुगडं. हनुवटीवर गोंदण. तिनंही मला ओळखलं. "तुमी ते मास्तर ना? फोटोसाठी बसा म्हनलं ते?"

"आजी, तुम्ही... नाव बुडाली ना."

"बुडाली म्हंतेत. मी कोठं होती नावेत?"

"मी तुम्हाला बसवलं."

"फोटोसाठी बसा म्हनलं, बसली. फोटो झाला, उतरली." ती मला मूल समजावतात तसं सांगू लागली. "मले काय मालूम तुमी घेऊन जाता का नाई. पायाखाली पानी लागून रायलं होतं, म्हनलं एवढ्या मानसायची नाव आज कायले करा? तुमाले सांगाले आली तं तुमी दोघंई त्या डब्ब्यात मुंडी खुपसून होते. मंग वरच्या घाटानं डोंग्यात गेली लेकीकडं. तिकडं आइकलं, नाव पलटली. म्हनलं, बरं झालं उतरली."

मी तिथंच, चारोळीच्या ढिगाशेजारी, खाली बसलो. तिनं शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला. "तो डब्बेवाला कोठं हाये?" तिनं विचारलं.

"गेला. पंधरा दिवसांमागं."

"अरे बाप्पा," ती म्हणाली. "चांगला होता दिसाले."

ती जिवंत आहे, दौलत. नदीनं कुणालाच नेलं नव्हतं, आणि तुझ्या हातून काहीही झालं नव्हतं. त्या उंबऱ्यावर मी 'देवरी' एवढं बोललो असतो, तर पुढच्याच बाजाराला आपण दोघं तिच्यापुढं उभे असतो, तू मला सगळ्यांसमोर चार शिव्या दिल्या असत्यास आणि आपण हसत परत आलो असतो. ते मी बोललो नाही. तू चार वर्षं एका जिवंत बाईचं मरण छातीवर घेऊन फिरलास आणि त्या छातीनंच तुला नेलं. एक शब्द लागत होता. तो माझ्याजवळ होता, आणि मी तुझ्या शेजारीच बसलेलो होतो.